माझी भिंत सरळ आहे

मंगळवार, ३ मार्च

आज सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी इमारत तपासणी कार्यालयाच्या माणसाने माझ्या दाराला डिंक फासला. मी दारातच उभी होते, हातात ताईच्या डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली. "कागद हातात द्या की," मी म्हटलं. "हातात द्यायचा नियम नाही, चिकटवायचा आहे," असं म्हणून त्याने तो माझ्या नाकासमोर चिकटवला, वरून तळहात फिरवला आणि फोटो काढला. माझा अर्धा चेहरा त्यात आला असणार. केसही विंचरलेले नव्हते.

कागदावर लिहिलंय की तिसऱ्या मजल्यावरच्या मागच्या घराची, म्हणजे आमची, खिडकीकडची भिंत तीन मीटर उंचीत आठ सेंटिमीटर बाहेर झुकली आहे. हा भाग राहण्यास धोकादायक आहे. ३१ मार्चपर्यंत रिकामा करावा. तात्पुरती सोय शहराबाहेरच्या निवाऱ्यात होईल. कधीपर्यंत, ते लिहिलेलं नाही. बाकी इमारत ठणठणीत आहे म्हणे. बावीस घरांतलं एकच घर वाकडं, आणि ते नेमकं माझं!

मी चौतीस वर्षं नकाशांच्या कचेरीत आरेखक होते. अर्धा मिलिमीटर चुकला तर अख्खा कागद फाडून पुन्हा काढायचा, अशा साहेबांच्या हाताखाली. मला आठ सेंटिमीटर झुकलेली भिंत दिसली नसती का? रोज तिच्याकडे तोंड करून चहा पिते मी.

ही भानगड १२ फेब्रुवारीची. त्या दिवशी मोजणी कंपनीची दोन माणसं आली होती, एक दाढीवाला आणि एक चष्मेवाली. हातात धरायचं एक यंत्र होतं. ते खोलीभर उजेड फेकतं, उजेड जिथे जिथे आपटतो तिथे तिथे एक ठिपका धरतं, आणि अशा लाखो ठिपक्यांतून खोली उभी करतं. सकाळी एकदा, दुपारी एकदा असं मोजलं. घरात पायताणं घालून फिरले ते वेगळंच. सकाळी आल्या आल्या कपाट ओढून मागच्या भिंतीला तडे आहेत का पाहिलं आणि परत लोटून दिलं. पण त्याच्या पुढच्या पायांखालची माझी दोन पुस्तकं बाहेर धुळीत पडलेली! ते जेवायला गेले तेवढ्यात कपाटाचं दार आपोआप उघडून ताईच्या कपाळाला लागलं. मग मी खालच्या शिंप्याला हाक मारली. त्याने कपाट उचललं, मी पुस्तकं जागच्या जागी सरकवली. ती दोन्ही माझी शाळेतली बक्षिसं. संतचरित्रांच्या एकाच मालिकेतली, बारा-बारा मिलिमीटर जाड. एक सद्वर्तनाचं, एक वक्तशीरपणाचं. तिथली फरशी खचल्यापासून ती कपाट तोलून धरतात. कॉन्व्हेंटातल्या सिस्टरना कळलं असतं तर त्यांनी मला ओणवं उभं केलं असतं, पण पुस्तकांचा इतका उपयोग तरी किती जणींनी केला असेल?

घर हललं तर ताईचं काय? सहा वर्षांपूर्वी तिची नजर गेली. पलंगापासून कपाट चार पावलं, कपाटापासून खुर्ची तीन, खुर्चीपासून खिडकी दोन. हे घर तिच्या बोटांत आहे. निवाऱ्यात तिला भिंतीसुद्धा सापडायच्या नाहीत.

मी जाणार नाही. हे इथे तारखेनिशी लिहून ठेवते.


बुधवार, ४ मार्च

भाच्याचा फोन. ताईने कळवलं त्याला. माझ्या पाठीमागे.

"मावशी, या ना दोघी इकडे. एवढी मोठी जागा आहे. भांडायचं वय आहे का हे?"

"भांडायला वय लागत नाही रे, कारण लागतं. ते आहे."

"आई काय म्हणते?"

"तुझी आई माझ्या बाजूने आहे."

ताई खुर्चीत बसून शेंगा सोलत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "बेबी, मला विचारलंस कधी?" मी म्हटलं, तुला विचारायचं काय त्यात? चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला अजून बेबी म्हणते ती. कोणी ऐकलं तर काय म्हणेल!


शुक्रवार, ६ मार्च

इमारत तपासणी कार्यालय. दुसरा मजला, खिडकी पाच. तिथल्या अधिकाऱ्याला मी गोल शिक्का हे नाव दिलंय. समोर येणाऱ्या प्रत्येक कागदावर तो आधी शिक्का मारतो, मग वाचतो.

"बसा आजी."

"मी तुमची आजी नाही. असते तर समोर बाई उभी असताना तुम्ही बसून बोलला नसता."

उठला बिचारा. अर्धाच उठला, पण उठला.

मी सांगितलं, भिंत सरळ आहे. त्याने अहवाल काढला. रंगीत चित्र होतं. माझी खोली हिरव्या ठिपक्यांची आणि खिडकीची भिंत लाल. आजारी माणसाच्या तपासणीच्या कागदासारखी.

"आजी... बाई, यंत्राने दोन कोटी बिंदू मोजलेत. तुम्ही किती मोजलेत?"

मी म्हटलं, उद्या मोजते.


शनिवार, ७ मार्च

निवृत्तीच्या दिवशी कचेरीतून मला घड्याळ मिळालं, ते बंद पडलं. मी आपण होऊन एकच वस्तू मागून घेतली होती, पितळी ओळंबा. तो मात्र चालतोय. त्यात बंद पडण्यासारखं काही नाहीच. दोरी आणि वजन.

शिंपी वर आला. स्टुलावर चढून त्याने छताजवळ भिंतीपासून पाच सेंटिमीटरवर दोरी धरली. तो माझ्याहून दहा वर्षांनी लहान, म्हणजे चौसष्टचा, पण वर चढल्यावर "बाई, पडलो तर माझ्या बायकोला तुम्ही सांगायचं" असं तीनदा म्हणाला. वजन डोलायचं थांबेपर्यंत आम्ही श्वास रोखून उभे. ताई म्हणाली, "झालं का? कोणी मेलंय का? किती शांतता ही!"

भिंत वर बाहेर झुकली असती, तर खाली वजन भिंतीला टेकलं असतं. टेकलं नाही. खाली चार सेंटिमीटर सात मिलिमीटर. फरक तीन मिलिमीटरचा, आणि तो गिलाव्याचा. मी चार ठिकाणी मोजलं. मग शिंप्याच्या खोलीत जाऊन त्याच भिंतीचा खालचा भाग मोजला. तोही सरळ.

आकृती काढली, मापं लिहिली, शिंप्याची साक्षीदार म्हणून सही घेतली. त्याने सहीखाली स्वतःहून लिहिलं, "मी स्टुलावर होतो."


मंगळवार, १० मार्च

गोल शिक्क्याने माझी आकृती उलटी धरून पाहिली. मग सुलटी केली.

"सुरेख काढलीये. पण दोरीचं माप आम्ही धरत नाही."

"का?"

"दोन कोटी बिंदूंसमोर तुमचे बिंदू किती?"

"दोन. वरचा आणि खालचा. सरळ रेषेला दोन पुरतात."

रांगेतला एक माणूस हसला. गोल शिक्का हसला नाही. त्याने फाइल उघडून एक कागद माझ्यापुढे सरकवला. १२ फेब्रुवारीचा. मोजणी झाल्यावर दाढीवाल्याने माझी सही घेतली होती, तो. "मोजणी सुरू झाल्यापासून संपेपर्यंत घरातील कोणतीही वस्तू हलवलेली नाही." खाली माझी सही, कॉन्व्हेंटच्या अक्षरात, प्रत्येक वळण जागच्या जागी.

"ही तुमची सही ना? मग मोजणी बरोबर आहे. वस्तू हलवल्या असत्या तर चुकली असती, हे मीही मानलं असतं."

"नाहीच हलवल्या!" मी म्हटलं. "मी खोटी सही करत नाही."

"मग प्रश्न मिटला," तो म्हणाला.

सहीच्या खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती. निवेदन खोटं ठरल्यास फेरतपासणीचा हक्क राहणार नाही. मी ती मोठ्याने वाचली आणि म्हटलं, खोटं ठरेल तेव्हा बघू.

घरी येताना डोकं इतकं तापलं होतं की एक मजला जास्तच चढले आणि गच्चीच्या दाराला किल्ली लावत बसले.


बुधवार, ११ मार्च

सकाळी मोजणी कंपनीत गेले. दाढीवाल्याने मला पाहिलं आणि त्याला एकदम महत्त्वाचा फोन आला. चष्मेवाली मात्र थांबली. पस्तिशीची असेल. माझी आकृती तिने सुलटीच धरली. पुष्कळ वेळ पाहत राहिली.

"हा ओळंबा तुम्ही स्वतः लावलात?"

"दोरी शिंप्याने धरली."

"मी उद्या दुपारी येऊ का तुमच्याकडे? कंपनीतर्फे नाही. अशीच."

म्हटलं, या. पायताणं बाहेर काढावी लागतील.


गुरुवार, १२ मार्च

आली. पायताणं बाहेर काढली, मोजे फाटके होते, तिला लाज वाटली. मी तिकडे पाहिलं नाही. चहा दिला. तिने लॅपटॉप उघडला आणि माझी खोली पडद्यावर फिरवून दाखवली.

खरं सांगायचं तर मी थक्क झाले. सगळं ठिपक्यांचं, जणू कोणी रांगोळीची चिमूट हवेत सोडली आणि ती पडलीच नाही. माझी खुर्ची, खिडकीचे गज, चहाच्या कपाचा कान. आणि ताई! दोन वेळा. एकदा खुर्चीत, एकदा पलंगाच्या कडेला, दोन्हीकडे अर्धी पारदर्शक. मी ताईला सांगितलं तर ती म्हणाली, "दोन का? एकीचंच करताना तुझा जीव जातो."

चष्मेवालीने समजावलं. यंत्राला एका जागेवरून सगळं दिसत नाही. म्हणून दोन जागांवरून बघायचं. दोन ढग मिळतात ठिपक्यांचे. मग एक ढग फिरवत, सरकवत, कलवत दुसऱ्यावर असा बसवायचा की दोन्हींत दिसणाऱ्या वस्तू एकमेकींवर चपखल याव्यात.

"आम्हीही तेच करायचो," मी म्हटलं. "नकाशाचे दोन कागद जोडताना. पण खुणा बघून. विहीर, पुलाचा कठडा, सीमेचा दगड. साहेबांचा नियम होता, झाडावर जोड बसवायचा नाही, झाड वाढतं."

तिने चारही भिंतींवरून नजर फिरवली. मग म्हणाली, "तुमच्या भिंती फार कोऱ्या आहेत हो."

"मग? खिळे ठोकायचे?"

"कोऱ्या भिंतीवर भिंत घसरते. कुठेही ठेवा, बसल्यासारखीच वाटते. पकड मिळायला कोपरे, कडा लागतात. आणि तुमची फरशी इतकी चकचकीत आहे की उजेड भलतीकडेच जातो, म्हणून जमीन काढूनच टाकावी लागली. सकाळचा ढग आतल्या बाजूचा, दुपारचा खिडकीच्या बाजूचा. दोन्हींत दिसलेली मोठी वस्तू एकच. हे कपाट. जोड त्याच्यावर बसलाय."

चाळीस वर्षं मी ती फरशी गुडघ्यांवर बसून पुसतेय, आणि हे तिचं बक्षीस.

"यंत्रात ओळंबा नाही?"

"मोठ्या यंत्रात असतो. हे हातातलं, स्वस्तातलं. याला खाली कुठे आणि वर कुठे, ते आपणच सांगायचं."

"मग ताई हललेली कळली तुमच्या यंत्राला. कपाट हललं असतं तर कळलं नसतं?"

"माणसं हलतात, म्हणून ती आम्ही काढून टाकतो. कपाटं हलत नाहीत असं धरतो." मग हळूच विचारलं, "हललं होतं का कपाट? दोन मोजण्यांच्या मध्ये?"

"नाही," मी म्हटलं. "तुमच्या लोकांनी सकाळी मोजायच्या आधी ओढलं आणि मोजायच्या आधीच परत लावलं. त्यानंतर ते तसूभरही सरकलं नाही."

"बेबी—" ताई म्हणाली.

"तू थांब गं जरा."

जाताना चष्मेवाली म्हणाली की हा जोड तिने स्वतः बसवलेला आहे. चुकला असेल तर तिला जाणून घ्यायचंय, मग तिचं काहीही होवो. माझ्या मनात आलं, ही आमच्या कचेरीत चालली असती.

ताईला मध्येमध्ये बोलायची फार सवय आहे.


शुक्रवार, १३ मार्च

आज जे झालं ते लिहायला पेन तीनदा उचललं आणि ठेवलं.

सकाळी ताईचे केस विंचरत होते. म्हणाली, "कपाळाचं टेंगूळ गेलं बघ. महिना लागला."

"कसलं टेंगूळ?"

"त्या दिवशीचं. कपाटाचं दार उघडून आलं ना अंगावर. वाकलं होतं ते पुढे. तू पुस्तकं घातलीस तेव्हा सरळ झालं."

कंगवा माझ्या हातातच राहिला.

वाकलं होतं. अर्थात वाकलं होतं! म्हणून तर दार उघडत होतं. सकाळच्या मोजणीत कपाट पुस्तकांविना, पुढे झुकलेलं, खिडकीच्या दिशेने. दुपारच्या मोजणीत पुस्तकांवर, सरळ. आणि यंत्राने काय धरलं? की कपाटं हलत नाहीत. दुपारचं सरळ कपाट सकाळच्या वाकड्या कपाटावर बसवायचं म्हणून दुपारची अख्खी खोली बाहेर कलवली. कपाटाबरोबर खिडकीची भिंतही गेली.

शिंप्याला वर बोलावलं. त्याने कपाट उचललं, मी पुस्तकं काढली. ओळंबा कपाटाच्या माथ्यावरून सोडला. दार कुरकुरत उघडलं, ते ताईने हाताने धरून ठेवलं. कपाट एकशे ऐंशी सेंटिमीटर उंच. तीनशेला आठ, तर एकशे ऐंशीला किती? सातवीचं गणित आहे. चार आणि आठ दशांश.

पट्टी लावली. चार सेंटिमीटर, आठ मिलिमीटर.

शिंपी म्हणाला, "बाई, सापडलं की!" आणि टाळी वाजवली. मी खुर्चीत बसले. माझ्या डोळ्यांसमोर तो कागद होता. "कोणतीही वस्तू हलवलेली नाही." आणि खाली माझी ती देखणी सही.


शनिवार, १४ मार्च

शिंपी म्हणतो, "पुस्तकांचं नावच काढू नका. भिंत सरळ आहे, एवढंच म्हणत राहा. आपण दोघंच होतो, ताई काही सांगायच्या नाहीत. कोणाला कळणार?"

मी म्हटलं, मला कळलंय.

पण तो म्हणतो त्यात तथ्य आहे. खरं सांगितलं की निवेदन खोटं. निवेदन खोटं की फेरतपासणी नाही. फेरतपासणी नाही की ३१ तारखेला बाहेर. न सांगावं, तर गोल शिक्का दोन कोटी बिंदू घेऊन बसलेलाच आहे. ओळंबा तो मानत नाही. भिंत वाकडी का दिसते, याचं एकमेव खरं कारण माझ्या कपाटाखाली आहे, आणि ते उघड करणं म्हणजे स्वतःच्या हाताने दाराला डिंक लावणं.

आणि चष्मेवालीला मी तोंडावर "नाही" म्हटलं. छातीठोकपणे. तेही खोटं म्हणून नाही. खरंच वाटत होतं मला. हलवलं त्यांनी, मी फक्त जागेवर ठेवलं. जागेवर ठेवण्याला हलवणं म्हणतात, हे चौऱ्याहत्तराव्या वर्षी कळावं?

भात करपला.


रविवार, १५ मार्च

ताई शिंप्याकडे गेली होती, त्याच्या बायकोने बोलावलं म्हणून. अर्ध्या तासाने आणायला गेले तर ती त्यांच्या घरात एकटी फिरत होती. काठीशिवाय. शिवणयंत्राला वळसा घालून, टेबलाच्या कोपऱ्याला फक्त बोट लावून पाण्याच्या माठापर्यंत गेली, पेला घेतला, प्यायली. शिंप्याची बायको कौतुकाने बघत होती. "दोनदाच दाखवलं हो, की पाठ झालं त्यांना."

मला आनंद व्हायला हवा होता. पण जिन्यात मी तिचा हात जरा जोरातच धरला असणार, कारण ती म्हणाली, "बेबी, मी पडत नाहीये."

घरी आल्यावर म्हणते, "माझी पिशवी मी भरून ठेवली आहे. पलंगाखाली आहे. तुझं काय ते बघ."

बघितली. दोन साड्या, थेंबांची बाटली, भाच्याचा लहानपणीचा फोटो. तो तिला दिसत नाही. कधी भरली ही? तिला वाटलं असेल भाच्याकडे जायचंय. वय झालंय तिचं, गोंधळ होतो. मी पिशवी रिकामी करून सगळं जागच्या जागी ठेवलं. तिच्यासाठीच तर चाललंय हे सगळं.

संध्याकाळी खिडकीपाशी बसले. ही भिंत मी चाळीस वर्षं पाहतेय. दुपारी चारला गजांची सावली तिच्यावर येते आणि सहापर्यंत कपाटाला टेकते. निवाऱ्यातल्या भिंतीवर कुठली सावली येते, कोणाला ठाऊक. ताईला सावलीशी देणंघेणं नाही. हे वाक्य मी का लिहिलं, मलाही कळत नाही.


सोमवार, १६ मार्च

सकाळी उठले, अंघोळ केली, इस्त्रीची साडी नेसले आणि लिहायला बसले. पाठवलेल्या पत्राची प्रत इथे उतरवून ठेवते. शब्दाचाही फरक नाही.

"इमारत तपासणी अधिकारी, दुसरा मजला, खिडकी पाच, यांस.

मंगळवार, ३ मार्च रोजी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी आपल्या माणसाने माझ्या दाराला चिकटवलेली नोटीस चुकीची आहे. ती कशी चुकली, ते मी सिद्ध करून देत आहे.

प्रथम माझी चूक. १२ फेब्रुवारीच्या निवेदनावरची माझी सही मी मागे घेत आहे. सकाळच्या आणि दुपारच्या मोजणीच्या मध्ये मी कपाटाच्या पुढच्या दोन पायांखाली बारा मिलिमीटर जाडीची दोन पुस्तकं ठेवली. ती तिथे कायमच असतात. आपल्या मोजणीवाल्यांनी ती काढली आणि परत ठेवली नाहीत, त्यामुळे कपाटाचं दार उघडून माझ्या दृष्टिहीन बहिणीच्या कपाळाला लागलं. कपाट माझं, घर माझं, बहीण माझी. पुस्तकं ठेवल्याबद्दल मला पश्चात्ताप नाही. ठेवल्याचं सांगितलं नाही याबद्दल आहे, आणि तो या पत्राने संपला.

त्या पुस्तकांविना कपाट एकशे ऐंशी सेंटिमीटरला चार सेंटिमीटर आठ मिलिमीटर झुकतं. आपल्या अहवालात माझी भिंत तीनशे सेंटिमीटरला आठ सेंटिमीटर झुकली आहे. गुणोत्तर आपणच काढून पाहावं. ते एकच आहे, कारण आपण माझी भिंत मोजलीच नाही. माझं कपाट मोजलं आणि त्याचा दोष भिंतीला लावला. दोन ढग एका हलत्या वस्तूवर जोडले आणि जोड सरळ आहे का हे पाहायला दोन पैशांचा ओळंबासुद्धा सोडला नाही. मी ज्या कचेरीत काम केलं तिथे असा नकाशा टेबलावरच फाडला असता. सुधारित आकृती, सर्व मापं आणि साक्षीदाराची सही सोबत जोडली आहे. साक्षीदार या वेळी जमिनीवर उभा होता.

आपल्या कागदावर बारीक अक्षरात छापलेलं आहे की निवेदन खोटं ठरल्यास फेरतपासणीचा हक्क राहत नाही. हे निवेदन आपण खोटं ठरवलेलं नाही, मी ठरवलं आहे. मी खरं सांगितलं म्हणून मला घराबाहेर काढणार असाल, तर तसं स्पष्ट लिहून द्या. बारीक नव्हे, मोठ्या अक्षरात. मी ते माझ्या दाराला स्वतः चिकटवीन.

फेरतपासणी माझ्यासमोर व्हावी. जोड भिंतींच्या कोपऱ्यांवर बसवावा, सामानावर नाही. यंत्रासोबत ओळंबाही लावावा. तो आपल्याकडे नसल्यास माझा मिळेल. त्या दिवशी मी फरशीवर चटया अंथरीन, म्हणजे ती चमकणार नाही, आणि पाहिजे तर भिंतीवर खुणांचे कागद चिकटवू देईन, जरी माझ्या भिंतींवर आजवर खिळाही ठोकलेला नाही. मोजणीला कंपनीतल्या चष्मा लावणाऱ्या बाईच याव्यात. जोड चुकला असू शकतो असं आधी त्याच म्हणाल्या होत्या, आणि मी त्यांना चुकीचं उत्तर दिलं. चुकीची माहिती मी दिली असल्याने या प्रकरणी त्यांच्यावर कारवाई होऊ नये. दाढी असलेले गृहस्थ आले तर त्यांनी पायताणं बाहेर काढावीत.

दाराचा डिंक गरम पाण्याने निघत नाही. तोही आपणच काढून द्यावा.

कपाटाखालची पुस्तकं पुरावा म्हणून पाठवत नाही. ती कामात आहेत.

मला तोंडी उत्तर नको, फोन नको, आणि आजी तर मुळीच नको. नोटीस मागे घेतल्याचं किंवा न घेण्याचं कारण, सही आणि तारखेसह, लेखी, शुक्रवार दिनांक २० मार्च रोजी सायंकाळी पाच वाजण्यापूर्वी माझ्या हातात मिळालं पाहिजे. हातात. मी दारातच उभी असेन."